मुकुंदाचे प्रश्न आणि माझा होकार

मुकुंदा,

उद्या सकाळी अकरा वाजता लकी तुझ्या वह्या न्यायला येणार आहे, आणि त्या द्यायच्या की नाहीत हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. तेराव्याला पंगतीत वाढता वाढता तो माझ्याजवळ आला, "मैडम, भैया की डायरियाँ संभाल के रखना, अगले संडे को लेने आऊँगा," म्हणाला, आणि पुऱ्यांचं ताट घेऊन पुढे गेला. मी मान हलवली. का हलवली ते मलाही सांगता येणार नाही. तेव्हापासून रोज सकाळी उठले की आधी वार मोजते.

लकी म्हणजे आपल्या वॉर्डाच्या पार्षदांचा, म्हणजे नगरसेवकांचा, उजवा हात. तुला हे सांगायची गरज नाही, पण या लिखाणाची एक प्रत टोरांटोला नील आणि अनयाला जाणार आहे, त्यामुळे तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही अधूनमधून सांगाव्या लागतील. सहन कर. परवा फोनवर अनयाने विचारलं, "आजी, मुकुंदआजोबा एक्झॅक्टली काय करायचे?" मी म्हटलं, वीज कचेरीत होते, आणि पुढाऱ्यांची भाषणं लिहायचे. "कोणत्या पुढाऱ्यांची?" जो येईल त्याची. मग नीलचा आवाज आला, "म्हणजे, बोथ साइड्स?" आणि माझ्या नातवंडांनी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल ते मला इथे बसून दिसलं.

हो बाळांनो, दोन्ही बाजूंची. एका निवडणुकीत तर जुन्या इंदूरच्या एकाच चौकात, आठवड्याच्या अंतराने, दोन उमेदवार मुकुंदाचेच प्रश्न विचारून गेले. पहिल्याने विचारलं, "पाँच साल में यहाँ हुआ क्या है?" दुसऱ्याने विचारलं, "जो पाँच साल दिखाई नहीं दिया, वो आज पूछने आया है कि हुआ क्या है?" आणि तू, मुकुंदा, दोन्ही सभांना मागे साउंडवाल्याच्या शेजारी उभा राहून पोहे खात होतास. मी रागावले तर म्हणालास, "ताई, शिंपी कधी विचारतो का, सदरा घालून जाणार कुठे?"

"विचारतो," मी म्हटलं. "लग्नाचा असेल तर वेगळा बेततो."

हा आपला रोजचा खेळ होता. तू घरातही प्रश्नांतच बोलायचास आणि मी हट्टाने उत्तरं द्यायची. "मी कधी तुला नाही म्हटलंय?" परवा, पंखा दुरुस्त करून आण म्हटलं तेव्हा. "आता या वयात मी बदलणार आहे का?" चष्मा तर बदललास. तू कपाळाला हात लावायचास. "तुला इंग्रजीच्या मास्तरणीला कसं सांगू, काही प्रश्न उत्तरासाठी नसतात गं!" जसं काही मला ते ठाऊक नव्हतं. महूच्या शाळेत तीस वर्षं मी मुलींना हेच शिकवलं, की हा भाषेचा एक अलंकार आहे, प्रश्नासारखा दिसतो पण उत्तर मागत नाही. उदाहरण म्हणून फळ्यावर लिहायचे, आपल्या देशावर कोणाचं प्रेम नाही? एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर करून खरंच एका मुलीचं नाव सांगितलं. वर्ग हसला. जिचं नाव घेतलं ती मात्र मधल्या सुट्टीपर्यंत रडत होती. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

नीलचे आजोबा गेले आणि मी महूचं घर आवरून तुझ्याकडे आले, त्याला आता बावीस वर्षं होतील. तू लग्न केलं नव्हतंस. मला वाटलं, भावाला दोन वेळचं गरम जेवण मिळेल. पण तुला स्वयंपाकापेक्षा श्रोता हवा होता. तू भाषण घेऊन फ्रिजला टेकून उभा राहायचास.

"जनता तयार आहे का?"

"जनता कणीक मळते आहे."

"चालेल. जनता नेहमी काहीतरी करतच असते."

मग तू वाचायचास आणि प्रत्येक प्रश्नापाशी थांबायचास. मी चौकातल्या लोकांसारखं उत्तर द्यायचं. लगेच "हो" निघालं तर प्रश्न पास. मी "म्हणजे काय?" किंवा "कोण?" असं विचारलं की तू त्यावर काट मारायचास. "ताईला कळलं नाही तर चौकाला काय कळणार." लाल कापडी बांधणीच्या वह्यांमध्ये डाव्या पानावर प्रश्न, समोर माझं उत्तर, आणि सभेहून आल्यावर त्याच्याखाली लोक काय म्हणाले ते. ओरडले. हसले. गप्प. अशा अकरा वह्या आहेत. मी त्या वर्षांप्रमाणे लावून ठेवल्या आहेत.

आपलं भांडण जुनंच होतं. मी म्हणायची, पुढाऱ्याने विधान केलं तर कोणी पुरावा तरी मागेल. प्रश्नाला कोण पुरावा मागणार? तो बोलतोही आणि बोललेला नसतोही. तू म्हणायचास, "अगं यार ताई, त्या लोकांना वर्षभर कोण काही विचारतं? कचेरीत गेले तर बाबू मान वर करत नाही. सभेत निदान त्यांना तोंड उघडायला मिळतं." हे मला पूर्ण खोडता आलं नाही, कारण तुझा तो नळाचा प्रश्न मी पाहिला होता. हरणाऱ्याच उमेदवारासाठी लिहिला होतास. "जिस गली में पार्षद रहते हैं, उस गली में नल कितने बजे आता है?" चौक आधी हसला. मग हसू थांबलं, आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण ते उत्तर प्रत्येकीला माहीत होतं. उमेदवार हरला. पण दोन महिन्यांत आपल्या गल्लीत सकाळी सहाला पाणी यायला लागलं. ते आजही येतं. आज सकाळी बादली भरताना मला तुझं कौतुक वाटलं, पण ते टिकलं नाही, कारण त्याच वहीत चार पानांनंतर तो नाल्याचा प्रश्न आहे.

नील, अनया, आपल्या घरामागे नाला आहे. तो दर पावसात तुंबायचा आणि पाणी खालच्या घरांत शिरायचं. नाल्यावर फरशी घालताना ठेकेदाराने पाईप अरुंद टाकला होता, हे मुकुंदाला कचेरीतल्या ओळखींमुळे माहीत होतं आणि मुकुंदाने सांगितल्यामुळे मला. तो ठेकेदार समोरच्या उमेदवाराचा माणूस होता. म्हणून मुकुंदाने भाषणात तीन प्रश्न एकापाठोपाठ लावले. घर आपका है ना? मोहल्ला आपका है ना? तो ये नाला कौन भरता है, आपको मालूम है ना? पहिल्या दोन पायऱ्यांवर लोकांना हो म्हणायची लय लागते, तिसऱ्यावर ते आपोआप चढतात. ही त्याची पद्धत.

मुकुंदा, तुझ्या डोक्यात ठेकेदार होता. चौकाच्या डोक्यात नव्हता. नाल्याच्या काठावर मांगीलालचं अटाल्याचं, म्हणजे भंगाराचं, गोदाम होतं, जुने डबे, पत्रे, प्लास्टिक, सगळं येता-जाता दिसणारं. लोकांनी "हाँ" म्हटलं, आणि मग मागून कोणीतरी ओरडलं, "मांगीलाल!" तुझ्या उमेदवाराने कानाला हात लावला आणि म्हणाला, "ज़रा ज़ोर से?" हे तू लिहिलं नव्हतंस. हे त्याला आपोआप सुचलं. मग सगळा चौक ते नाव घ्यायला लागला.

त्या संध्याकाळी त्याचा तराजू आणि बांधलेले गठ्ठे पोरांनी नाल्यात फेकले. त्याला कोणी हात लावला नाही, असं सगळे पुढे कितीतरी दिवस अभिमानाने सांगत होते. हा तोच मांगीलाल, जो दर महिन्याला रद्दी न्यायला येऊन आपल्या पायरीवर बसायचा आणि दुसऱ्यांच्या रद्दीतली चांगली मासिकं तुझ्यासाठी बाजूला काढून आणायचा. पंधरा दिवसांत तो बायकोमुलांना घेऊन देपालपुरला गेला. उमेदवार निवडून आला. तेच आताचे पार्षद.

मी तुला किती बोलले ते आठवलं की अंगावर काटा येतो. जेवताना बोलले, चहा देताना बोलले. "असा प्रश्न लिहिलासच कसा?" तू एवढंच म्हणायचास, "मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं, ताई." मी म्हणायची, "म्हणूनच तर." तू ताटावरून उठायचास. देपालपुरला जाऊन आलास, एकदा त्याचं घर सापडलं नाही, दुसऱ्यांदा सापडलं. काय म्हणाला विचारलं, तर म्हणालास, "चहा दिला. आणि विचारलं, बाबूजी, अब अखबार किसको देते हो?" त्यानंतर तू दोन दिवस माझ्याशीही बोलला नाहीस. मला वाटलं, अडून बसला आहे. चूक कबूल करायला नको.

तू गेल्यावर नवव्या दिवशी मी ती वही उघडली. डाव्या पानावर तो तिसरा प्रश्न आहे. समोर लिहिलं आहेस, "ताई: हो." त्याच्याखाली, जिथे लोक काय म्हणाले ते लिहायचं, तिथे काही नाही.

मी हो म्हटलं होतं, मुकुंदा. ते मला आठवतं, आणि म्हणूनच या वह्यांशेजारी मला बसवत नाही. तू फ्रिजपाशी उभा होतास आणि माझं लक्ष ओट्यावरच्या फोनकडे होतं. टोरांटोला माझ्या लेकीला दवाखान्यात नेलं होतं, नीलच्या वेळी, आणि सहा तास काही कळलं नव्हतं. तुझा आवाज थांबला की मी हो म्हणत होते. एरवी असता तर मी नक्की विचारलं असतं, "कोण भरतो? नाव सांग." मी नेहमी तेच विचारायची. तू वैतागला असतास, म्हणाला असतास "ठेकेदार, आणखी कोण!" आणि मग तूच थांबून त्या प्रश्नावर काट मारली असतीस. नील, यात तुझा काडीचा दोष नाही. तू फक्त उशिरा आलास.

मी ऐकत नव्हते हे तुला कधी सांगितलं नाही. चौदा वर्षं. आणि तू, एवढं ऐकून घेतलंस, पण एकदाही म्हणाला नाहीस की तूच तर हो म्हणाली होतीस. मी ज्याला तुझा हट्ट समजत होते ते हे होतं. आता तुझे आभार कोणत्या तोंडाने मानू? बघ, मीही तुझ्यासारखी बोलायला लागले.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. दवाखान्यात शेवटून तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "ताई, चुकलं का गं माझं?" मला वाटलं, हा तुझा नेहमीचाच प्रश्न, आपलं असंच. जन्मभर तुझ्या नको त्या प्रश्नांना उत्तरं दिली, आणि त्या दिवशी म्हणाले, "बोलू नकोस, सलाइन हलेल." तुला खरंच उत्तर हवं होतं का? तू माझ्याकडे बघत होतास. मी नळीकडे बघत होते.

उत्तर देते. हो, चुकलं. तुझं एकट्याचं नाही.

*

आज मंगळवार. शनिवारी इथवर लिहिलं होतं. रविवारी लकी आला, अकराच्या आधी दहा मिनिटं. माझ्या पाया पडला, तुझ्या फोटोला हात जोडले, आणि सोफ्यावर बसला.

"तो मैडम, डायरियाँ?"

"नहीं देनी," मी म्हटलं. रात्रभर घोकून ठेवलेलं पुढचं सगळं विसरले.

"अरे, भैया ने ख़ुद प्रॉमिस किया था."

"कब?"

"मैडम, अब मैं आपसे झूठ बोलूँगा क्या?"

"मुझे नहीं मालूम. बोलते हो?"

तो खळखळून हसला. "आप भी ना मैडम, भैया बताते थे आपका." मग लाडू उचलला. "कोई टेंशन नहीं. बाकी तो हम लिखवा लेंगे. अपने को तो वो नाले वाला चाहिए था, और वो पार्षदजी को मुँहज़बानी याद है. उसी पे तो जीते थे. बुधवार को चौक में सभा है, वही बोलेंगे. अब तो वहाँ और लोग आ के बैठ गए हैं, पब्लिक वैसे ही चिढ़ी हुई है."

मी इतके दिवस कपाटाची किल्ली पदराला बांधून फिरत होते, आणि त्यांना वह्यांची गरजच नव्हती. प्रश्न केव्हाच तुझ्या हातातून सुटून त्यांच्या तोंडात जाऊन बसला होता. लकी जाताना म्हणाला, काही लागलं तर सांगा. मी म्हटलं, सभेला पुढची एक खुर्ची लागेल. त्याला इतका आनंद झाला की पायरीवरूनच त्याने कोणाला तरी फोन लावला. "भैया की दीदी आ रही हैं. हाँ भिया, फ़र्स्ट लाइन."

नाल्याच्या काठी मांगीलालच्या जागेवर आता झाबुआकडून बांधकामाला आलेली सहा-सात कुटुंबं राहतात. आपल्याकडे भांडी घासायला येणारी रेशम त्यांच्यातलीच. तुला चहात आलं जास्त घालून द्यायची ती.

सभेत उठून द्यायचं माझं उत्तर तयार होतं. मांगीलाल गेल्यानंतरच्या पावसाळ्यातही नाला भरला होता, तेव्हा तिथे चिटपाखरूही नव्हतं. हे कोणीही तपासून बघावं. पण प्रश्न विचारून पार्षद थांबतात किती वेळ? तुझ्या वहीत लिहिलं आहे, दोन श्वास. मी घड्याळ समोर ठेवून म्हणून पाहिलं. माझं वाक्य पाच श्वासांचं झालं, त्यात दोन पोटवाक्यं. ती काढली. उरलं ते असं, "नाला तो उसके बाद भी भरा था." उभी राहून म्हटलं, खोकला आला. परत म्हटलं. आवाज स्वयंपाकघराबाहेरही जाईना.

"मैडम, किससे बात कर रहे हो?" रेशम दारात उभी होती.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. तिचा चेहरा उतरला. "आप मत बोलना मैडम," ती म्हणाली. "आप बोल के घर आ जाओगे. हमको तो वहीं सोना है."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, मुकुंदा. माझं धैर्य मी फुकट तिच्या नावावर खर्च करायला निघाले होते. तुझी चूक मी दुसऱ्यांदा करणार होते, एवढी तयारी करून, घड्याळ लावून. मी खाली बसले आणि तिला विचारलं, "फिर क्या करूँ, रेशम?" तिला वाटलं, बाई आपली हताश होऊन बोलते आहे. ती पदराला हात पुसत राहिली. मी पुन्हा विचारलं. म्हटलं, मला खरंच माहीत नाही, तू सांग.

"घर पे पूछ के बताती हूँ," ती म्हणाली.

काल ती आली नाही. कालचा दिवस मी कसा काढला ते लिहीत नाही.

आज सकाळी आली. पिशवी खुंटीला अडकवली आणि भांड्यांना हात लावण्याआधी म्हणाली, "मैडम, घर पे सबने बात की. बोले, मैडम अकेली बोलेगी तो बुढ़िया समझ के हँस देंगे. तो हम भी आएँगे. सब लोग, बच्चे लेके. एकदम आगे, नीचे दरी बिछा के बैठेंगे. फिर पूछें हमारे मुँह पे, कौन भरता है. आप उसके बाद बोलना."

"डर नहीं लगेगा?" मी विचारलं.

"लगेगा ना," ती म्हणाली आणि तिने नळ सोडला.

नील, अनया, सभा उद्या संध्याकाळी सहाला आहे. हे मी आजच पाठवते आहे. परवा लिहायला बसले तर जे होईल ते मी नीट जुळवून लिहीन, मला माझी सवय माहीत आहे. आत्ता मला फक्त भीती वाटते आहे, आणि मी जाणार आहे. मुकुंदा, हे तुम्हा तिघांना आधीच माहीत असलेलं बरं.